एफ वनची सीट गेली, मग पुढे काय? रेसिंग ड्रायव्हरचं करिअर, पैशाच्या बाजूने

१३ नोव्हेंबर २०१६, ब्राझीलमधलं इंटरलागोस सर्किट, एफ वनची म्हणजे फॉर्म्युला वनची रेस. धो धो पाऊस, दोनदा रेड फ्लॅग लागून रेस थांबलेली, आणि टीव्हीवर सगळ्यांचं लक्ष एकतर पुढे असलेल्या हॅमिल्टनवर नाहीतर पावसात एकेकाला मागे टाकत सुटलेल्या व्हर्स्टापेनवर. पण पैशाच्या हिशोबाने त्या दिवशी सगळ्यात मोलाची जागा होती नववी. ती मिळवली साउबर टीमच्या फेलिपे नास्रने. त्याला दोन पॉइंट्स मिळाले, आणि तेवढ्यावर साउबर टीम्सच्या टेबलमध्ये तळातून उठून दहावी झाली आणि तोपर्यंत दहावी असलेली मॅनर नावाची चिमुकली टीम अकरावी झाली. दहाव्या नंबरला बक्षिसाच्या रकमेत भलामोठा वाटा मिळायचा, अकराव्याला त्यामानाने चिल्लर. जानेवारी २०१७ मध्ये मॅनर दिवाळखोरीत निघाली आणि पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत बंदच पडली.

पण खरा किस्सा पुढे आहे. ज्या नास्रने साउबरला वाचवलं त्याचीच सीट, म्हणजे टीममधली ड्रायव्हरची जागा, गेली, कारण ब्राझीलच्या ज्या बँकेचा पैसा त्याच्या पाठीशी होता तो आटला. आणि त्याच्या जागी २०१७ ला साउबरमध्ये आला कोण, तर बुडालेल्या मॅनरचा ड्रायव्हर पास्कल वेर्लाइन! हे असलं काही समजून घ्यायचं असेल तर कोण किती फास्ट आहे एवढं बघून भागत नाही. रेसिंग ड्रायव्हरचं करिअर बघताना मी आधी एकच प्रश्न विचारतो, की इथे पैसे कोण कोणाला देतंय? ड्रायव्हर टीमला, टीम ड्रायव्हरला, की तिसराच कोणीतरी दोघांना? हा प्रश्न धरून चाललं की हा एफ वन सोडून अमेरिकेत का गेला, तो चोवीस तासांच्या रेसमध्ये काय करतोय, हे बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून या लेखात मी मॅनरच्याच गॅरेजमधले ड्रायव्हर घेणार आहे, शेवटच्या दोन वर्षांतले. चॅम्पियन लोकांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, पण हे लोक जगभर असे पांगले की त्यांच्या मागे मागे गेलं की अख्खं मोटरस्पोर्ट फिरून होतं.

आधी सुरुवात कशी होते ते पटकन सांगतो. पोरगं सात-आठ वर्षांचं असताना कार्टिंगमध्ये उतरतं, पंधराच्या आसपास फॉर्म्युला फोर, मग एफ थ्री, मग एफ टू. एफ टू आणि एफ थ्रीत सगळ्यांना चॅसी (गाडीचा सांगाडा) सारखी, इंजिन सारखं, टायर सारखे, म्हणजे फरक पडतो तो टीमच्या कामाचा आणि ड्रायव्हरचा. या सगळ्या काळात पैसे देतो ड्रायव्हर. म्हणजे त्याचे आईबाप, स्पॉन्सर, नाहीतर एखाद्या एफ वन टीमची ज्युनिअर अकॅडमी. एफ टूच्या एका सीझनचा खर्च साधारण वीस ते तीस लाख युरोच्या घरात जातो आणि हा खर्च आहे बरं का, पगार नाही. बाहेरच्यांना इथेच धक्का बसतो, त्यांना वाटतं की एवढ्या वर पोचलाय म्हणजे कमावत असेल.

मॅनरमध्ये २०१६ च्या मध्यात आलेला एस्तेबान ओकॉन घ्या. त्याच्या कार्टिंगसाठी आईवडिलांनी घर विकलं आणि काही काळ सगळं कुटुंब कॅरॅव्हॅनमध्ये राहत होतं. पोरगा एवढा चांगला की २०१४ ची युरोपियन एफ थ्री चॅम्पियनशिप त्याने जिंकली, आणि त्या वर्षी तिसरा कोण होता माहितीये? मॅक्स व्हर्स्टापेन. तिसरा आलेला २०१५ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी थेट एफ वनमध्ये गेला, रेड बुलने उचलला त्याला, आणि पहिला आलेला गेला जीपी थ्री नावाच्या खालच्या सिरीजमध्ये. ती पण त्याने जिंकली. मग मर्सिडीजने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं, जर्मनीतल्या डीटीएम या टूरिंग कारच्या सिरीजमध्ये गाडी दिली आणि तिथून अर्ध्या सीझनला मॅनरमध्ये पाठवला, कारण मॅनरला इंजिन मर्सिडीजच देत होती. वेर्लाइनचंही तेच, तो २०१५ चा डीटीएम चॅम्पियन आणि मर्सिडीजचाच माणूस. म्हणजे इथे पैसे देणारा तिसरा आहे, कार कंपनी. ड्रायव्हरच्या दृष्टीने हा सगळ्यात बरा प्रकार, फक्त कंपनीचा मूड बदलला की संपलं.

ओकॉन आला तो ज्याच्या जागी, त्याचं नाव रिओ हर्यांतो, इंडोनेशियाचा पहिला एफ वन ड्रायव्हर. त्याच्या मागे तिथली सरकारी तेल कंपनी पर्टामिना होती. ठरलेली पूर्ण रक्कम काही टीमपर्यंत पोचली नाही आणि बारा रेस झाल्यावर त्याला उतरवलं. अशा ड्रायव्हरला इंटरनेटवर सरसकट ‘पे ड्रायव्हर’ म्हणून हिणवतात, ते मला फारसं पटत नाही. हर्यांतोने त्याच्या आदल्या वर्षी जीपी टूमध्ये (आताच्या एफ टूचं तेव्हाचं नाव) तीन रेस जिंकल्या होत्या. पास्तोर माल्दोनादोच्या मागेही व्हेनेझुएलाच्या तेलाचा पैसा होता, पण तो जीपी टू चॅम्पियन होता आणि २०१२ ची स्पॅनिश ग्रांप्री त्याने विल्यम्समधून जिंकली, मागे अलोन्सो असताना. लान्स स्ट्रोलच्या वडिलांनी २०१८ मध्ये भागीदारांबरोबर अख्खी फोर्स इंडिया टीमच घेतली, त्यात परत ओकॉनचीच सीट गेली आणि २०१९ तो बिचारा मर्सिडीजचा रिझर्व्ह म्हणून गॅरेजमध्ये हेडफोन लावून उभा. पण स्ट्रोलनेही २०१६ ची युरोपियन एफ थ्री जिंकलेली आहे. पैशाने दार उघडतं हे खरं, पण आत येणारा प्रत्येक जण हळू असतो असं काही नाही, आणि खरं सांगायचं तर खालच्या सगळ्या सिरीजमध्ये जवळजवळ सगळेच लोक पे ड्रायव्हरच असतात.

आता अलेक्झांडर रॉसी. अमेरिकन पोरगा, २०१५ च्या शेवटी मॅनरमधून पाच रेस केल्या, त्याच वर्षी जीपी टूमध्ये दुसरा आला, आणि २०१६ च्या सीटसाठी हर्यांतोचा पैसा भारी पडला. रॉसी अमेरिकेत परतला आणि इंडीकारमध्ये, म्हणजे तिथल्या फॉर्म्युलासारख्या गाड्यांच्या सिरीजमध्ये शिरला. तसं बघितलं तर हा नाइलाजाचा सौदा. मे २०१६ मध्ये इंडियानापोलिस ५०० होती, शंभरावी. इंडीकारमध्ये ओव्हलवरची ही त्याची दुसरीच रेस आणि ती त्याने जिंकली!

ओव्हल म्हणजे काय प्रकार आहे ते जरा थांबून बघू, कारण युरोपमधून आलेल्या ड्रायव्हरला तिथे सगळं उलटं वाटतं. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास, चार वळणं, चारही डावीकडे, २०० लॅप. क्वालिफायिंगला चार लॅपची सरासरी ताशी ३७० किलोमीटरच्या वर जाते. ब्रेक जवळजवळ फक्त पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागेत येताना. गाडी मुद्दाम अशी सेट केलेली असते की ती सरळसुद्धा डावीकडे ओढते. कॉकपिटमध्ये बटणं-लिव्हर असतात त्यांनी प्रत्येक लॅपला गाडीचा तोल थोडा इकडे थोडा तिकडे करत राहायचं, टायर झिजतायत, पेट्रोल कमी होतंय, वारा फिरलाय. आणि पॉवर स्टिअरिंग नाही, इंडीकारमध्ये नसतंच. वर स्टँडवर एक माणूस बसलेला असतो, स्पॉटर, तो कानात सतत सांगत असतो की बाहेर एक आहे, अजून आहे, गेला, क्लिअर. युरोपमधल्या पोराला सवय असते गाडी घसरली की सावरायची. इथे मागचं टोक सुटलं की सावरायला जाऊ नका असंच शिकवतात, कारण अचानक ग्रिप आली की गाडी थेट भिंतीत जाते.

रॉसी त्या दिवशी सगळ्यात फास्ट नव्हता. त्याच्या पिट वॉलवर बसलेल्या ब्रायन हर्टाने (हे नाव लक्षात ठेवा) ठरवलं की बाकीचे शेवटी पेट्रोलसाठी थांबतील, आपण थांबायचं नाही. मग रॉसीने दुसऱ्यांच्या मागे हवेच्या आडोशाला राहून, थ्रॉटल अर्धवट सोडून, टाकीतला थेंब न् थेंब पुरवला. शेवटच्या लॅपला गाडी अक्षरशः घरंगळत फिनिश लाइनपार आली आणि थोड्या वेळाने बंद पडली, विजेत्याच्या जागेपर्यंत तिला ओढून न्यावी लागली. मॅनरमध्ये मागच्या रांगेत असलेला माणूस सहा-सात महिन्यांत जगातल्या सगळ्यात मोठ्या रेसपैकी एक जिंकून बसला, आणि त्यानंतर त्याला सीटसाठी कुणापुढे हात पसरायची गरज राहिली नाही.

पण इंडीकारमध्ये गेलं की लगेच पगार सुरू, असं समजू नका. मार्कस एरिक्सन बघा. हा साउबरमध्ये वेर्लाइनचा टीममेट होता. २०१७ ला साउबरचे पाचच्या पाच पॉइंट्स वेर्लाइनने मिळवले, एरिक्सनने शून्य, आणि २०१८ ला सीट कुणाची राहिली? एरिक्सनची, त्याच्या मागे स्वीडनमधले गुंतवणूकदार होते. दुसरी सीट फेरारीच्या लेक्लेरला. ९७ एफ वन रेस करून एरिक्सन अमेरिकेला गेला आणि २०२२ ची इंडी ५०० जिंकला, विजेत्याच्या नावावर ३१ लाख डॉलर लागले. एवढं होऊन त्याची तक्रार काय, तर माझ्या सीटसाठी अजून मलाच बजेट आणावं लागतंय! त्याने ते उघडपणे सांगितलं आणि २०२४ साठी चिप गानासीची टीम सोडून आंद्रेट्टीकडे गेला, जिथे टीम त्याला पैसे देणार होती. तोपर्यंत वय तेहतीस. प्रोफेशनल या शब्दाचा खरा अर्थ लागू व्हायला इतका वेळ लागतो कधीकधी.

आणि ज्याची सीट गेली तो वेर्लाइन? तो परत डीटीएम, मग फॉर्म्युला ई, आणि जुलै २०२४ मध्ये लंडनला पोर्शकडून फॉर्म्युला ईचा वर्ल्ड चॅम्पियन. ही इलेक्ट्रिक गाड्यांची सिरीज अनेकांना मिळमिळीत वाटते, मला ड्रायव्हिंगच्या दृष्टीने भयंकर इंटरेस्टिंग वाटते. बॅटरीत जेवढी एनर्जी मिळते तेवढी रेसभर फुल थ्रॉटल मारायला पुरतच नाही, मुद्दामच तसं ठेवलंय, त्यामुळे सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकिंग पॉइंटच्या बरंच आधी पाय उचलायचा, गाडी नुसती पळू द्यायची, मग मोटर जनरेटरसारखी वापरून एनर्जी परत बॅटरीत भरायची. आणि हे सगळं भिंतींच्या मधल्या अरुंद रस्त्यावर, मागचा तुमच्या गाडीच्या शेपटाला नाक लावून बसलेला असताना. काही ट्रॅकवर तर कुणालाच पुढे राहायचं नसतं, कारण पुढच्याला हवा कापावी लागते आणि त्याची एनर्जी लवकर संपते. इथे कार कंपन्या पैसे घालतात, ड्रायव्हरला बहुतेक वेळा खरा पगार मिळतो, म्हणून एफ वनच्या दारातून परत आलेल्यांची इथे रांग असते.

थोडं पायाबद्दल बोलू, म्हणजे ब्रेकच्या पायाबद्दल, कारण सिरीज बदलली की सगळ्यात आधी तो नव्याने शिकावा लागतो. फॉर्म्युला गाडी ताशी ३०० ने पळत असते तेव्हा हवेचा दाब तिला जमिनीवर जोरात दाबून धरत असतो, म्हणून ब्रेक मारायचा तो पहिल्या क्षणी जीव खाऊन, अगदी लाथ घातल्यासारखा. वेग उतरला की हवेचा दाब कमी, ग्रिप कमी, तसा पायही हळूहळू सोडत आणायचा, नाहीतर चाक लॉक. आता तोच माणूस जीटी थ्री गाडीत, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाडीत बसवा. गाडी तेराशे किलोच्या आसपास, हवेचा दाब त्यामानाने किरकोळ, आणि एबीएस आहे. पहिली लाथ घालायची, पण मग पाय किती धरून ठेवायचा आणि एबीएसला किती काम करू द्यायचं हे वेगळंच गणित. रॅलीत तर ब्रेक हा वेग कमी करायला कमी आणि गाडी वळवायला जास्त, खडीवर डावा पाय ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर एकाच वेळी. हे डोक्याला कळतं लगेच, पायाला कळायला महिने जातात, कारण ते विचार करून होत नाही.

म्हणून वेगळ्या सिरीजमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी जिंकणं हे दुर्मिळ. शेन व्हॅन गिसबर्गनने ते केलं. न्यूझीलंडचा माणूस, ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स या टूरिंग कार सिरीजचा तीनदा चॅम्पियन, २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर नॅसकार कपमध्ये (अमेरिकेतली स्टॉक कारची सिरीज) पहिल्यांदा उतरला, ओल्या ट्रॅकवर, आणि जिंकला. पहिल्याच रेसला जिंकणं १९६३ नंतर कुणाला जमलं नव्हतं. पण त्याला कारण आहे. नॅसकारने २०२२ मध्ये नवीन गाडी आणली, तिचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन, ही सगळी रचना सुपरकार्सच्या बरीच जवळची. म्हणजे अमेरिकन लोकांना ती गाडी नवीन आणि याच्या अंगवळणी पडलेली. २०२५ मध्ये त्याने पाच रेस जिंकल्या, पाचही वळणावळणाच्या रोड कोर्सवर. ओव्हलवर मात्र तो अजून शिकतोय, आणि नॅसकारच्या कॅलेंडरमध्ये ओव्हलच जास्त.

बरं, आता ज्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त प्रोफेशनल ड्रायव्हर खरोखर पोट भरतात तिकडे वळू, म्हणजे एन्ड्युरन्स रेसिंग, तासन्‌तास चालणाऱ्या रेस. मॅनरचा विल स्टीव्हन्स, २०१५ ला एफ वनमध्ये होता, कुणाला आठवतही नसेल. तो तेव्हापासून इथेच आहे. २०२२ ला जोटा टीमकडून ले माँची चोवीस तासांची रेस एलएमपी टू या दुसऱ्या पातळीच्या गटात जिंकला, २०२४ ला बेल्जियममधल्या स्पाला त्याच टीमच्या पोर्शमधून एकूण पहिला, मग जोटाने कॅडिलॅक घेतली तर तिच्यात. आणि सुरुवातीला ज्याने मॅनरला बुडवलं तो नास्र? तो अमेरिकेत इम्सा या एन्ड्युरन्स सिरीजमध्ये २०१८, २०२१ आणि २०२४ चा चॅम्पियन, डेटोनाच्या चोवीस तासांच्या रेसचा २०२४ आणि २०२५ ला विजेता, पोर्श-पेन्स्केचा पगारी ड्रायव्हर. एफ वनमध्ये राहिला असता तर बहुतेक मागच्या दोन रांगांतच दिसला असता.

एन्ड्युरन्समध्ये एका गाडीला सहसा तीन ड्रायव्हर. ले माँचा ट्रॅक साडेतेरा किलोमीटरहून थोडा जास्त, साठेक गाड्या, वेगवेगळ्या वेगाचे गट एकत्र. नियम असा की सहा तासांच्या कुठल्याही तुकड्यात एक ड्रायव्हर चार तासांपेक्षा जास्त चालवू शकत नाही आणि एकूण चौदा तासांच्या वर नाही. गाडी कुणा एकाच्या आवडीची नसते. तिघांची उंची वेगळी, पाय पेडलपर्यंत पोचायला हवेत, म्हणून बुटका ड्रायव्हर स्वतःचं सीटमधलं पॅडिंग काखेत घेऊन पिटमध्ये उभा असतो. गाडी येऊन थांबली की आतल्याने बेल्ट सोडायचे, पाणी प्यायची नळी आणि रेडिओची वायर काढायची, बाहेर पडायचं, आणि पळून न जाता वाकून दुसऱ्याचे बेल्ट आवळून द्यायचे, हे सगळं पेट्रोल भरून होईपर्यंत. एफ वनमध्ये ज्याला आयुष्यभर टीममेटला हरवायला शिकवलं त्याला इथे त्याच टीममेटचे खांद्याचे पट्टे ओढून द्यावे लागतात, आणि इंजिनिअरला खरं सांगावं लागतं की गाडी कुठे चांगली आहे, लपवून ठेवून फायदा नाही. सगळ्यांना जमत नाही ते. ज्यांना जमतं त्यांना कार कंपन्या वर्षानुवर्षं सोडत नाहीत.

आणि इथे एक भन्नाट सिस्टीम आहे जी बाहेर फार कुणाला माहीत नसते. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संस्था, ड्रायव्हरना ग्रेड देते, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. वय आणि निकाल बघून. एफ वन, इंडीकारवाले आणि कंपन्यांचे ड्रायव्हर वरच्या दोन ग्रेडमध्ये, ब्राँझ म्हणजे हौशी, बहुतेक वेळा स्वतःचा धंदा सांभाळून रेसिंग करणारा पैसेवाला माणूस. वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपच्या एलएमजीटी थ्री गटात (त्याच जीटी थ्री गाड्या) प्रत्येक गाडीत एक ब्राँझ असलाच पाहिजे आणि त्याने ठरावीक किमान वेळ गाडी चालवलीच पाहिजे. म्हणजे काय, तर गाडीचा खर्च बऱ्याचदा तो ब्राँझवाला उचलतो आणि त्याच्या शेजारचा प्रो त्याच पैशावर पगार घेतो. प्रोचं काम नुसतं फास्ट जाणं नाही, ब्राँझच्या डेटावर स्वतःचा डेटा टाकून दाखवायचा, बघ तू इथे दहा मीटर आधी ब्रेक मारतोस, आणि त्याला लॅपमागे अर्धा सेकंद मिळवून दिला तर प्रोने स्वतः एक दशांश काढण्यापेक्षा ते कैकपट मोलाचं.

मधला सिल्व्हर मात्र अजब प्राणी. नियमाला सिल्व्हर लागतो आणि टीमला तो गोल्डसारखा फास्ट हवा असतो. त्यामुळे तरुण, फास्ट, पण अजून कागदावर सिल्व्हर असलेला ड्रायव्हर म्हणजे सोन्याहून पिवळं. तो जिंकायला लागला की एफआयए त्याला उचलून गोल्ड करते आणि त्या दिवशी त्याचं मार्केट बसतं, कारण आता त्याची स्पर्धा थेट कंपन्यांच्या ड्रायव्हरशी. बढती मिळाली आणि काम गेलं! उलट वय वाढलं की ग्रेड खाली येऊ शकते, म्हणून ग्रेड कमी करून द्या असा अर्ज करणारे महाभागही इथे सापडतात. दुसऱ्या कुठल्या खेळात असं असेल असं मला तरी वाटत नाही.

एकाच माणसाने किती दारं ठोठवावीत याचं उदाहरण हवं असेल तर नरेन कार्तिकेयन. २००५ ला जॉर्डन टीममधून एफ वन, इंडियानापोलिसच्या त्या सहा गाड्यांच्या विचित्र रेसमध्ये चौथा, मग विल्यम्सचा टेस्ट ड्रायव्हर, ए वन जीपी या देशांच्या टीमच्या सिरीजमध्ये विजय, २००९ ला ले माँ, जिथे रेसच्या आधीच खांदा निखळला आणि चालवताच आलं नाही, २०१० ला नॅसकारची ट्रक सिरीज, परत एफ वनमध्ये एचआरटी टीम, मग जपानमध्ये सुपर फॉर्म्युला, आणि २०१९ मध्ये फुजीला सुपर जीटी आणि डीटीएमच्या एकत्र रेसमध्ये पहिला, तेव्हा वय बेचाळीस. ही यादी वाचून कुणी म्हणेल की कुठेच टिकला नाही. मी म्हणेन की वीस वर्षं कुणी ना कुणी त्याला गाडी देत राहिलं, ते फुकट नाही देत कोणी.

जपानचं नाव निघालंच आहे तर, युरोपमध्ये बजेट संपलेल्यांसाठी ती खरंच चांगली जागा आहे. ॲलेक्स पालू तिकडूनच अमेरिकेला गेला आणि आता चार वेळचा इंडीकार चॅम्पियन आहे. पिअर गॅसली २०१७ ला सुपर फॉर्म्युलात होता, तेव्हाच रेड बुलच्या टोरो रोसो टीमने त्याला एफ वनमध्ये घेतलं, पण टायटलची संधी म्हणून तो ऑस्टिनची ग्रांप्री सोडून सुझुकाला गेला. तिथे वादळामुळे रेसच रद्द झाली आणि टायटल अर्ध्या पॉइंटने गेलं.

मुलींसाठी हा सगळा हिशोब अजून अवघड, कारण स्पॉन्सर मुळात कमी. जेमी चॅडविकने फक्त महिलांची डब्ल्यू सिरीज तीनदा जिंकली, तिथे ड्रायव्हरला पैसे भरावे लागत नव्हते हेच त्या सिरीजचं वैशिष्ट्य, पण पुढे ती सिरीज स्वतःच पैशाअभावी बंद पडली. चॅडविक अमेरिकेत इंडीकारच्या खालच्या इंडी एनएक्सटी सिरीजला गेली, २०२४ ला रोड अमेरिका ट्रॅकवर जिंकली, आणि मग तीही एन्ड्युरन्समध्येच आली.

आता राहिलं ते लायसन्स. २०१५ ला सतरा वर्षांचा व्हर्स्टापेन रस्त्यावरचं लायसन्स नसताना एफ वनमध्ये आला आणि एफआयएने २०१६ पासून नियम कडक केले. एफ वनसाठी लागणारं सुपर लायसन्स हवं तर सहसा वय अठरा, आणि आधीच्या तीन सीझनमध्ये मिळून चाळीस पॉइंट्स. एफ टूमध्ये पहिल्या तिघांत आलात की चाळीस. इंडीकारमध्ये मात्र चॅम्पियनलाच चाळीस, दुसऱ्याला तीस, आणि २०२५ पर्यंत तिसऱ्याला वीस, पुढे झपाट्याने घसरण होती. अमेरिकन फॅन्स यावर जाम चिडतात आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. एफ टूमधला तिसरा आणि इंडीकारचा चॅम्पियन एकाच तराजूत?

त्याचा फटका बसला कोल्टन हर्टाला, म्हणजे ब्रायन हर्टाच्या मुलाला. २०२२ मध्ये रेड बुलला तो आपल्या दुसऱ्या टीमसाठी, अल्फाटॉरीसाठी हवा होता, गॅसलीच्या जागी. तोपर्यंत इंडीकारमध्ये सात रेस जिंकलेल्या, पॉइंट्स बत्तीस. एफआयएने सूट दिली नाही. ती सीट गेली निक डी व्रीसला, जो एफ टू आणि फॉर्म्युला ई दोन्हीचा चॅम्पियन होता, आणि त्याला दहा रेसमध्ये काढून टाकला. तोही आता टोयोटाच्या हायपरकारमध्ये (एन्ड्युरन्सचा सगळ्यात वरचा गट) आणि फॉर्म्युला ईमध्ये. उलट बाजूला फेलिपे द्रुगोविच, २०२२ चा एफ टू चॅम्पियन, पॉइंट्स पूर्ण, आणि चॅम्पियनला परत एफ टूत उतरता येत नाही, तर तीन वर्षं ॲस्टन मार्टिनचा रिझर्व्ह राहून एकही एफ वन रेस न करता फॉर्म्युला ईला गेला.

हर्टाने २०२६ साठी काय केलं, तर आंद्रेट्टीमधली पक्की पगारी इंडीकार सीट सोडली, एफ वनमध्ये नव्याने आलेल्या कॅडिलॅकचा टेस्ट ड्रायव्हर झाला आणि सोबत एफ टूत उतरायचं ठरवलं, म्हणजे आपल्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान पोरांमध्ये. एफ वनच्याच वीकेंडला, त्याच ट्रॅकवर, पिरेलीच्याच टायरवर शिकायला मिळतं आणि कमी पडणारे पॉइंट्सही मिळू शकतात. त्याच्या बापाच्या हिशोबामुळे मॅनरमधून बाहेर पडलेल्या रॉसीचं करिअर उभं राहिलं, आणि मुलगा नऊ इंडीकार रेस जिंकून निघालाय उलट दिशेने, त्या खालच्या पायरीवर जिथे बाकीच्या ग्रिडचे आईबाप अजून पैसे भरतायत.